दोन वाफ्यांमधला खोका

मित्रांनो, मी एक जुना खोका आहे. खरं सांगायचं तर आता खोकाही उरलेलो नाही. सध्या मी एक वाट आहे. पालकाच्या वाफ्याला आणि गाजराच्या वाफ्याला धरून मधोमध पालथा पडलेलो असतो. माझ्या अंगावर ठळक अक्षरांत 'ही बाजू वर' असं छापलेलं आहे. ती बाजू खाली आहे. गांडुळं ती वाचतात.

कारखान्यात मला घडवलं, पोटात वॉशिंग मशीन घातलं आणि एका निवृत्त बस ड्रायव्हरच्या घरी धाडलं. मशीन बाहेर निघालं तेव्हा मला वाटलं, संपलं आपलं. पण ड्रायव्हरकाकांनी मला माळ्यावर चढवलं. वॉरंटी आहे तोवर खोका टाकायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. वॉरंटी दोन वर्षांची होती. मी माळ्यावर नऊ वर्षं राहिलो. मशीन सातव्या वर्षीच भंगारात गेलं. मला कोणी कळवलं नाही.

माझ्या दोन्ही अंगांना हात घालून उचलायला एकेक भोक होतं. माळ्यावर चढवताना काका म्हणाले होते, "वा, काय सोय केलीय." आयुष्यात माझी एवढीच स्तुती झाली, म्हणून ती अजून पाठ आहे.

मग काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रस्त्यापलीकडच्या सामाईक बागेत त्यांचे दोन वाफे होते. काठी टेकत तिथवर जायचं आणि परत यायचं, एवढंच त्यांचं चालणं उरलं. वाकता मात्र येईना. मधल्या वाटेवर हरळी माजली. बागेच्या सेक्रेटरीबाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. वाटेवर तण दिसलं की नोटीस, आणि तीन नोटिसा झाल्या की वाफे प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला. काकांच्या दोन झाल्या होत्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आठ वाजता तपासणी होती.

"वाफे गेले तर बाबा खुर्चीतून उठायचे नाहीत," काकांची लेक फोनवर भावाला म्हणाली आणि तिने माळ्याला शिडी लावली.

तिने मला चिरून सपाट केलं, चिकटपट्ट्या सोलून काढल्या, हरळी उजेडाविना मरावी म्हणून वाटेवर अंथरलं, भिजवलं. दोन्ही टोकांना लहान खोके वीतभर माझ्यावर चढवून लावले. वर सुताराकडून आणलेल्या ढलप्या ओतल्या. काका काठीवर रेलून सूचना देत होते. "डावीकडे घे. अजून. येऊ दे, येऊ दे. बस." बस मागे घ्यायला लावावी तसं त्यांनी मला जागेवर लावलं.

वरून सगळं झकास दिसत होतं. खाली मात्र रात्रंदिवस धक्काबुक्की चालू होती. अंधारात हरळीचे पांढरे कोंब माझ्या पोटाला टोचत, सरकत, पुन्हा टोचत. मी दुपदरी आहे, दाद दिली नाही. तीन आठवडे तिने माझी इंच इंच चाचपणी केली. शनिवारी तिला भोक सापडलं.

हो, हात घालायचं भोक. दुसरं लहान खोक्याखाली गेलं होतं, हे उघडं राहिलं होतं. कडा झाकल्या होत्या, फटी झाकल्या होत्या. ती सोय झाकायचं कोणालाच सुचलं नव्हतं. रविवारी सकाळी ढलप्यांतून बोटभर हिरवा कोंब वर आला होता. मला ओरडायचं होतं. पुठ्ठ्याला ती सोय नसते.

काकांना तो आठला पाच कमी असताना दिसला. लेक पार टोकाच्या नळावर झारी भरत होती. फाटक वाजलं. काकांनी कोंबावर पाय ठेवला. घाईत ऑपरेशनचाच पाय पडला, आणि आता बदलायची सोय नव्हती.

सेक्रेटरीबाई पट्टी आणि नोटिसांचं पॅड घेऊन आल्या. त्यांनी वाटेचं एक टोक पाहिलं, दुसरं टोक पाहिलं. मग काकांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. काका म्हणाले, इथेच बरं वाटतंय. बाई शेजारचे वाफे तपासून आल्या. काका तिथेच. बाई कोपऱ्यातले वाफे तपासून आल्या. काका तिथेच. पाय थरथरत होता, ते मला ढलप्यांतून कळत होतं. पण तीस वर्षं ब्रेकवर ठेवलेला पाय होता तो. उचलला जात नव्हता.

लेक झारी घेऊन आली आणि बापाचा घामेजलेला चेहरा बघून जागीच थांबली. बाई गेल्या आणि अवजारांच्या खोलीतून स्टूल घेऊन आल्या.

"बसा."

काका बसले. पाय तिथेच.

"आता उचला."

काकांनी लेकीकडे पाहिलं. मग पाय उचलला. कोंब चपटा झाला होता. सगळ्यांच्या देखत तो हळूहळू पुन्हा उभा राहिला. हरळीला लाज नसते.

बाई उकिडव्या बसल्या, ढलप्या सारल्या आणि माझ्या भोकात दोन बोटं घातली. "हे काय?"

"हात घालायला आहे," काका हळूच म्हणाले. "सोय."

बाईंनी कोंबाला पट्टी लावली. पॅड उघडलं. पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी टोपण परत लावलं, कोंब मुळासकट उपटला, पॅडच्या मागचा पुठ्ठा टरकन फाडला आणि माझ्या भोकावर ठेवून वर ढलप्या सारल्या.

"मी फाटकाबाहेर पडेपर्यंत तपासणी चालू असते," त्या म्हणाल्या. "तोवरची दुरुस्ती धरते. अर्धा मार्क कापलाय. आणि स्टूल इथेच राहू दे."

मित्रांनो, मी आता विरत चाललो आहे. 'ही बाजू' गांडुळांनी संपवलं. 'वर' तेवढं राहिलंय. मला जपून ठेवा, असं मी सांगणार नाही. जपून ठेवल्यावर काय होतं ते मी नऊ वर्षं पाहिलंय. अंथरा मला. फक्त चिकटपट्टी काढा, कडा वीतभर एकमेकींवर घ्या आणि भोकं झाका. आणि कोणी म्हातारा माणूस हट्टाने एकाच जागी उभा दिसला, तर आधी स्टूल आणा. पायाखाली काय आहे, ते मग बघता येतं.