साहेबांचा डावा बूट

बालवाडीत नवं मूल आलं की त्याची एक चप्पल लपवायची, ही बाईंची जुनी रीत. नवं मूल पहिल्या दिवशी घरी पळतं. पण एकाच चपलेनिशी घरी गेलं तर पाठीत धपाटा ठरलेला, हे त्यालाही कळतं. मग ते चप्पल शोधत बसतं, शोधता शोधता रमतं आणि घरी जायचं नाव काढायचं विसरलं की चप्पल आपोआप सापडते. लपवायचं काम मुलांकडेच असे. सध्या ते ढब्बूकडे होतं. ढब्बू म्हणजे एवढीशी पोर, बोलायला कंजूष आणि कामाला पक्की.

या रीतीत एकच खोट होती. नवं कुणाला म्हणायचं, हे बाईंनी मुलांना कधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी साहेब आले. पत्र्याखालच्या या एका खोलीतली बालवाडी बंद करून मुलं ओढ्यापलीकडच्या गावातल्या शाळेत धाडायची का, हे त्यांनी ठरवायचं होतं. खरं तर गाडीतून उतरतानाच त्यांचं ठरलं होतं.

"ती शाळा तर हाकेच्या अंतरावर आहे, बाई," दारात बूट काढताना ते म्हणाले. "संध्याकाळी मोठ्या साहेबांना तसं सांगून टाकतो. जरा नजर टाकतो आणि निघतो."

ओढ्याची वाट काय आहे ते साहेबांना ठाऊक नव्हतं आणि ऐकून घ्यायला त्यांना वेळ नव्हता. ही मुलं त्या वाटेनं जाणार नाहीत, दिवसभर शेताच्या बांधावर मातीत बसून राहतील, हे बाई जाणून होत्या.

साहेबांनी बॅग खुर्चीवर ठेवली, भिंतीवरची मुळाक्षरं पाहिली, धान्याचे डबे पाहिले, "छान" म्हणाले, बॅग खांद्याला लावली आणि वळले. दारात उजवा बूट एकटाच होता.

बाईंनी ढब्बूला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, "कुठे ठेवलास?"

"अजून घरी जातो म्हणतोय तो," ढब्बू म्हणाली. रीत म्हणजे रीत.

"अगं, ते साहेब आहेत."

"रडत पण होता. बूट कुठंय, बूट कुठंय करून."

इकडे चुलीपाशी बसलेल्या मावशींनी भात ढवळता ढवळता साहेबांना सांगितलं, "कुत्र्यानं नेला असेल. मेलं उचललेलं सगळं ओढ्याकडे नेतं."

त्या भागात कुत्रं म्हणून नव्हतं. बाईंनी तोंड उघडलं, मावशींकडे पाहिलं आणि मिटलं.

"नवे बूट आहेत, सासऱ्यांनी दिलेले," साहेब म्हणाले. "गाडी जाते का तिकडे?"

"गाडी कुठली जाते. माझ्या चपला घाला. हाकेच्या अंतरावर तर आहे."

साहेब मावशींच्या निळ्या चपलांत टाचा बाहेर काढून गेले. परत आले तेव्हा भात शिजून निवायला आला होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, एक चप्पल गायब आणि तळव्यात काटा.

"आणि माझी चप्पल?" मावशींनी विचारलं.

"रुतली."

"आता ही पण कुत्र्यावर घाला."

बाईंनी सुईनं काटा काढला. साहेब "आई गं" म्हणाले तेव्हा मुलांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. नवीन मुलं असंच म्हणतात. एकीनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. एकानं आपला अर्धा चेंडू देऊ केला. उरलेला अर्धा कुठे होता, ते कुणालाच माहीत नव्हतं. साहेब जेवले, भिंतीला टेकले आणि बघता बघता मुलांच्या रांगेत आडवे होऊन घोरायला लागले.

जागे झाल्यावर त्यांनी डोळे चोळले.

"मावशी, भात उरलाय का हो थोडा?"

ना बुटाचं नाव, ना घरी जायचं. ढब्बू उठली. तिनं साहेबांची बॅग उघडली, आतून डावा बूट काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

साहेब बुटाकडे बघत राहिले. "हा बॅगेत होता? ओढ्यापर्यंत मीच घेऊन गेलो आणि मीच परत आणला?"

"आपल्या दप्तरात कोणी बघतच नाही," ढब्बूनं समजावलं.

आता सगळं संपलं, असं बाईंना वाटलं. तरी विचारायचं ते त्यांनी विचारलंच. "मग मोठ्या साहेबांना काय सांगणार?"

साहेब नाडी बांधता बांधता थांबले. "चिखलात रुतलो तेव्हा हाका मारल्या मी. घसा बसेपर्यंत."

"कुणी आलं?"

"एक म्हैस आली. बघून गेली." त्यांनी गाठ घट्ट ओढली. "त्या वाटेनं ही पोरं जाणार नाहीत, बाई. बालवाडी इथेच राहील. तसंच सांगतो."

मावशींनी त्यांच्या ताटात भात वाढला आणि चपलेचा विषय तूर्त सोडून दिला.

इतक्यात गाडीत झोपलेला ड्रायव्हर डोळे चोळत आत आला. "साहेब, उशीर झाला. निघायचं ना घरी?"

साहेबांनी आधी ढब्बूच्या जागेकडे पाहिलं. जागा रिकामी होती. मग दाराकडे पाहिलं. तिथे ड्रायव्हरची एकच चप्पल होती.

त्यांनी बांधलेली नाडी सोडली आणि सरकून जागा केली.

"बस बाबा," ते म्हणाले. "आधी जेवून घे."