तांबडीचा शेवटचा भाग

भाचीला तांबडीचं वेड लावलं ते मावशीनेच. मावशी पडदे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. लग्न केलं नव्हतं. एक खोली, एक आगाऊ मांजर आणि जेवणाच्या सुट्टीत मांडीवर एक जाडजूड पुस्तक, एवढा तिचा संसार. सहा भागांची कादंबरी होती ती. त्यातली तांबडी, लाल केसांची एक नावाड्याची पोर, राक्षसी पक्ष्यावर बसून राज्यंच्या राज्यं पालथी घालते आणि कुणापुढेही गुडघा टेकत नाही. तिसऱ्या भागात ती भर दरबारात राजाची अशी काही खरडपट्टी काढते, की वाचता वाचता मावशी एकटीच मोठ्याने हसली होती आणि बायका वळून बघायला लागल्या होत्या.

भाची शाळेत असतानाच मावशीने पहिला भाग तिच्या हातात ठेवला. मग दोघी फोनवर तासन्‌तास तांबडीबद्दल बोलायच्या. भाचीची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, वैतागायची.

"ताई, तू शेफारून ठेवतेयस तिला. उद्या कुठे तोंड वाजवून आली तर तुझ्याकडेच पाठवून देईन."

"दे की पाठवून," मावशी म्हणायची.

शिक्षण आटोपल्यावर मावशीच्याच शब्दावर भाची कारखान्यात लागली. मागच्या दाराला कुलूप असतं, हे तिच्या लगेच लक्षात आलं. कापडाचे तागे चोरीला जातात म्हणून सुपरवायझर ते लावून किल्ली खिशात ठेवायचा.

"आग लागली तर आम्ही जायचं कुठून?" भाचीने सगळ्यांसमोर विचारलं.

"तू आलीस तेव्हाच लागली आग," सुपरवायझर म्हणाला. बायका हसल्या. मावशीही हसली.

मग एका दुपारी इस्त्रीच्या टेबलाखालच्या चिंध्यांनी खरंच पेट घेतला. अस्तराचं कापड ते, धुराने डोळे उघडेनात. पुढच्या दारात एकच रेटारेटी झाली. काजं करणारी बाई खाली पडली आणि तिच्या हातावरून लोक गेले. भाचीने पडद्याचा लोखंडी दांडा उचलला आणि मागचं कुलूप कोयंड्यासकट उखडलं. निम्म्या बायका त्या वाटेने बाहेर पडल्या. मावशीही त्यांच्यातच होती. भाचीनेच तिला दंडाला धरून ओढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालक आले. केबिनमध्ये सुपरवायझर शांतपणे म्हणाला, "कामाच्या वेळात कुलूप नसतंच साहेब. या पोरीचा माझ्यावर राग आहे, म्हणून दार मोडलं."

मालकांनी मावशीला बोलावून घेतलं. तिचं मशीन त्या दाराला लागूनच होतं.

"तुम्ही इथे सगळ्यांत जुन्या. तुम्हीच सांगा, कुलूप होतं का?"

भाची भिंतीला टेकून उभी होती, अगदी निवांत. तिला घाबरायचं काही कारणच वाटत नव्हतं.

मावशीने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. "धूर फार होता," ती म्हणाली. "मला नीट दिसलं नाही."

भाची भांडेल, ओरडेल, असं मावशीला वाटलं होतं. तिने फक्त मावशीकडे बघितलं, मग आपला डबा उचलला आणि निघून गेली. काजं करणारी बाईही पुन्हा कामावर आली नाही. सुपरवायझर मावशीला अहोजाहो करायला लागला आणि तिचं मशीन खिडकीपाशी, उजेडात हलवलं गेलं.

पुढे सहावा भाग आला. मावशीने तो एका सुट्टीत वाचून काढला. शेवटच्या लढाईत तांबडी माळावर एकटी उभी असते. मग तिने ज्यांना ज्यांना वाचवलेलं असतं, ती सगळी माणसं एकेक करून तिच्या मागे येऊन उभी राहतात. पूर्वी अशा पानांवर मावशी डोळे पुसायची. या वेळी तिला तांबडीचा राग आला. हिला काय जातंय, उद्या कुठे कामावर जायचंय हिला! बराच वेळ ती पुस्तक उपडं ठेवून बसून राहिली.

तरी दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन ती बहिणीकडे गेली. भाची आता एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहत होती. नुकतीच येऊन पाय चोळत बसली होती.

"शेवटचा भाग आलाय," मावशी म्हणाली.

"वाचलास?"

"हो. जिंकते ती."

"एकटीच?"

"नाही गं. सगळे येतात तिच्या बाजूने."

"मग खोटं लिहिलंय," भाची म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "राहू दे तुझ्याकडेच."

"अगं, या वयात मला दुसरं कोण काम देणार होतं?"

"मी काही विचारलं का तुला, मावशी?" असं म्हणून ती हातपाय धुवायला आत गेली.

बहीण जिन्यापर्यंत सोडायला आली. थोडा वेळ कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिली.

"मी तिला म्हटलं ताई, की मनात ठेवू नकोस, मावशीचं वय झालंय, घाबरली असेल. तर म्हणते, वयाचं काही नाही गं आई. मावशीला ती पुस्तकं आवडतात, एवढंच. मलाच उगाच वाटलं होतं."

मावशी पुस्तक छातीशी धरून जिना उतरू लागली. एरवी बहीण वरून वाकून, "सावकाश जा, ये गं परत," म्हणायची. त्या दिवशी नुसतंच, "सावकाश जा," म्हणाली.