करवती काठाचे बो

"अवो, धरा नं नीट. वाकडं जाईन," कौशल्या म्हणाली, तसा भैय्यालालने साडीचा काठ दोन्ही हातांनी ताणून धरला. कात्री काठावर टेकली, पण चालली नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "नाई जमत म्हनून सांगू."

"आता कायले नाई म्हनाचं? पोट्टीनं शब्द देल्ला हाये."

साडी कोशाच्या रेशमाची होती, करवती काठाची. लग्न ठरल्यावर भैय्यालालने ती स्वतःच्या मागावर विणली होती. काठावरच्या करवतीसारख्या दातांत एकही दात लहानमोठा नव्हता. नवऱ्याने विणलेलं नेसून बोहल्यावर उभी राहिलेली म्हणून पवनीच्या कोष्टीपुऱ्यात कौशल्याचं तेव्हा कोण कौतुक झालं होतं! पुढे ती साडी पेटीत गेली आणि वर्षातून एकदा ऊन दाखवायला तेवढी बाहेर येऊ लागली. लेकीच्या, करुणाच्या लग्नात तिने ती नेसायची, हे घरात ठरल्यासारखंच होतं.

माग बंद पडून आठ वर्षं झाली होती. भैय्यालाल आता बसस्टँडसमोर दोरी बांधून पोरींच्या नटण्यामुरडण्याचा माल विकायचा. माल नागपूरच्या इतवारीतून यायचा आणि ऋतूप्रमाणे बदलायचा. उन्हाळ्यात बदामी आकाराचे गुलाबी चष्मे. पावसाळ्यात पाऊल टाकलं की दिवे लागणाऱ्या चपला. एका वर्षी तर डोक्यातून हिरवं रोपटं उगवल्यासारखी क्लिप निघाली. मिशीवाले बाप्येसुद्धा ती खोचून बाजारात हिंडले. दोन महिन्यांनी ती कोणी फुकट घेईना. लोकांना एखादी वस्तू अचानक का आवडते आणि तितक्याच अचानक का नकोशी होते, हे भैय्यालालला कधी उमगलं नाही. बापाने हाताला धरून शिकवलेला काठ त्याने जन्मभर तसाच विणला होता.

नवरात्रात करुणाने जुन्या काठाच्या चिंध्या जोडून केसांसाठी एक बो शिवला आणि तो लावून गावातल्या कॉलेजात गेली. दुसऱ्या दिवशी चार मैत्रिणींनी मागितला. आठवड्याभरात पोरी बो घ्यायला थेट दोरीपाशी येऊ लागल्या. क्लिपा, माळा कोणी बघेना.

"काका, हे तुमीच विनलं?" एकीने विचारलं.

"होय बाई. मीच."

त्या दिवशी घरी आल्याबरोबर त्याने मागावरची गोणपाटं ओढून काढली. बो तर बो, काठ तर विणायला मिळेल! चार दिवस खपून उभ्या सुतांचा ताणा चढवला. पुन्हा धोट्याची खटखट सुरू झाली, तेव्हा कौशल्या हातातलं पीठ तसंच धरून दारात येऊन उभी राहिली. भैय्यालाल विणता विणता गुणगुणत होता.

तेवढ्यात कॉलेजच्या गॅदरिंगचं काम आलं. नाचात साठ मुली, सगळ्यांना सारखे बो, शनिवारपर्यंत. चिंध्या संपल्या होत्या आणि मागावरचं कापड जेमतेम वीतभर झालं होतं. करुणा हो म्हणून बसली होती. कौशल्याने कोणालाही न विचारता पेटी उघडली.

"माह्या अंगावर आता शोभते का ते?" ती म्हणाली. "माग चालून राहिला नं, बस. पोरीच्या लग्नाले नवी विना."

भैय्यालालने चष्मा पुसला. साडी पुन्हा ताणली.

"दातावरून नको कापू," तो हळूच म्हणाला. "दोन दातांच्या मधून काप."

मग कात्री चालली.

शनिवारी सकाळी करुणा साठ बो पिशवीत घालून गेली. दुपारी परत आली, पिशवी तशीच भरलेली.

"मोत्याच्या क्लिपा लावनार हायेत सगळ्या," ती म्हणाली. "परवा मोबाइलवर कोनाचा तरी व्हिडिओ पायला त्यायनं. काठाचं आता आजीबाईसारखं दिसते म्हनते."

"तू सांगतलं नाई का?" भैय्यालालने विचारलं.

"सांगतलं, बाबा. माह्या आईची लग्नाची साडी हाये म्हनलं." तिचा आवाज फाटला. "तर म्हनते, कापाले कोनं सांगतलं होतं?"

कौशल्याने पिशवी तिच्या हातातून घेतली. "रडू नको. हातपाय धू. जेव आधी."

करुणा जेवून आडवी झाली, तशी कौशल्या खिडकीपाशी बसली. एक बो तिने उसवला, मग दुसरा. तुकडे तळहाताने सपाट केले आणि कडेला कड लावून पाहिली. दात जुळेनात. तिने तिसरा उसवला. मागावर बसलेल्या भैय्यालालने धोटा थांबवला.

दोन दिवस तो तरीही विणत राहिला. तिसऱ्या दिवशी कात्री घेतली आणि चढवलेला ताणा मधोमध कापला. तुटलेली सुतं दोन्ही बाजूंना लोंबत राहिली. कापलेला ताणा पुन्हा जोडत बसत नाही कोणी.

संक्रांतीला नदीच्या घाटावर जत्रा भरली, तेव्हा चलती सशाच्या टोप्यांची होती. पांढरी, केसाळ टोपी. दोन्ही बाजूंना लोंबणारे पंजे. पंजा दाबला की त्या बाजूचा कान टुणकन उभा राहायचा. घालून दाखवल्याशिवाय कोणी घेत नव्हतं. म्हणून भैय्यालालने एक डोक्यावर चढवली होती आणि दोन्ही मुठींत पंजे धरून तो गर्दीकडे तोंड करून उभा होता. कौशल्या मागे खोकी उघडत होती.

एक म्हातारी जाता जाता थबकली. आसगावची आनंदाबाई. तिच्या तिन्ही लेकींची लग्नाची लुगडी भैय्यालालने विणली होती. तिने डोळे बारीक करून टोपीखालचा चेहरा निरखला.

"भैय्यालालभाऊ नं तुमी? कोष्टीपुऱ्यातले?"

"होय, बाई."

"नातीचं जमून राहिलं. म्हनलं, लुगडं तुमच्याच हातचं घ्याचं." तिने पिशवी खाली ठेवून त्याला हात जोडले. "माग चालते नं?"

समोर हात जोडलेले पाहून भैय्यालालचेही हात आपसूक जोडले गेले. मुठींतले पंजे दाबले गेले आणि डोक्यावरचे दोन्ही कान एकदम ताठ उभे राहिले.

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. आनंदाबाईलाही हसू आलं, पण त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच तिने पदर तोंडाशी नेला. पिशवी उचलली आणि मान खाली घालून ती घाटाकडे चालू लागली.

ती दिसेनाशी होईपर्यंत भैय्यालालने जोडलेले हात सोडले नाहीत.