मागचा गेणबा

गेणबानं आयुष्यात सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल, तर थोरल्या भावाची पाठ.

मेंढरं होती तेव्हा दिवाळी उरकली की दोघं भाऊ दीडशे मेंढरं घेऊन शिरूरहून कोकणाच्या अंगाला निघायचे. बिरदेव पुढं, काठी खांद्यावर आडवी, मान ताठ. मधे मेंढरं. सगळ्यात मागं गेणबा. लंगडणारं, वाटेत व्यालेलं, कुणाच्या हरभऱ्यात तोंड घालणारं, सगळं मागच्यानं सांभाळायचं. पुढच्यानं फक्त वाट धरायची. मधूनच बिरदेव मागं न बघता हाळी द्यायचा, "गेण्या, हाय का रं मागं?" आणि धुळीतून गेणबा ओरडायचा, "हाय!" बावीस वर्षं हेच बोलणं. भावाभावांत याहून जास्त काही बोलायचं असतं, असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

मग मेंढरं विकली. शेताला पाणी आलं, कांदा आला, घरावर स्लॅब पडला. गेणबाची जागा मात्र तीच राहिली. पंगतीला बिरदेव आधी, गेणबा नंतर. मोटारसायकल गेणबाच्या नावावर होती, पण चालवायचा बिरदेव.

म्हणून रांजणगावच्या कंपनीत कामाला असलेल्या सुनेनं, मोनिकानं, घोडनदीकाठच्या मॅरेथॉनचे, छातीवर लावायचे दोन नंबर आणून दोघा म्हाताऱ्यांपुढं ठेवले, तेव्हा गेणबानं तिला गोठ्यामागं गाठून विचारलं.

"मोनिका, ह्यात दादाच्या म्होरं गेलं तर चालतं का?"

"मामा, म्होरं जायलाच तर पळत्यात!"

झालं. एकसष्टाव्या वर्षी गेणबाला एक गोष्ट हवीशी झाली, आणि ती त्यानं कुणालाच सांगितली नाही. महिनाभर तो पहाटे कांद्याच्या वाफ्यांच्या कडेनं पळत राहिला.

"आवं, कोण लागलंय मागं तुमच्या?" बायकोनं, गिताबाईनं, चुलीपासून विचारलं.

"मागं न्हाई कुणी. म्होरं हाय."

मोनिकानं दोघांना बूट आणले. गेणबानं ते घालून अंगणात चार फेऱ्या मारल्या. बिरदेवानं आपले बूट हातात घेतले, आत डोकावून पाहिलं आणि परत दिले. "बोटं गुदमरत्यात माझी," म्हणाला, आणि वहाणाच घालून आला.

मॅरेथॉनच्या दिवशी धुकं असं पडलं होतं, की माणसाला आपले गुडघे दिसायचे, पावलं दिसायची नाहीत. शिट्टी वाजली आणि दोनशे माणसं त्या पांढऱ्यात शिरली. अंतर दहा किलोमीटरचं: गावाबाहेर पडायचं, नदीच्या अंगानं जायचं आणि वळसा घालून बाजार समितीच्या मैदानावर परतायचं. बिरदेव पळत नव्हताच, लांब ढांगा टाकत चालला होता, आणि तरी धापा टाकणारी पोरं त्याच्या मागं पडत होती. वीस पावलांवर गेणबा.

पहिल्या दोन किलोमीटरांत लोक बोलत होते, फोटो काढत होते. मग ज्याचं त्याला पुरे झालं आणि नुसता पायांचा आवाज उरला. डांबरावर टपटप, टपटप. गेणबाला तो आवाज ओळखीचा वाटायला लागला. आजूबाजूला गरम श्वास, घामाचा ओला वास. डावीकडं कुणीतरी खोकलं, अगदी म्हाताऱ्या मेंढीसारखं. उसाच्या फडातून थंड हवा आली आणि तिच्याबरोबर लोकरीचा वास. ती मेंढरं विकून वीस वर्षं झाली होती. गेणबानं हात लांब केला असता तर बोटांना लोकर लागली असती. त्यानं केला नाही. लागली नसती तर, म्हणून.

सहाव्या किलोमीटरच्या पुढं त्यानं चाल वाढवली. पंधरा पावलं. दहा. मग तो भावाच्या डाव्या खांद्याशी आला आणि चालत्या दादाचं तोंड त्यानं पहिल्यांदा कडेनं पाहिलं. गाल बसलेले, ओठ पुटपुटणारे.

"कोण हाय?" बिरदेव दचकला. त्या बाजूनं त्याला आजवर कुणी भेटलं नव्हतं. "गेण्या? तू हितं कसा?"

"चाललोय म्होरं."

"म्होरं कुठं?"

गेणबा पुढं गेला.

पुढं काहीच नव्हतं. कुणाची पाठ नाही, काठी नाही, नुसतं पांढरं. पुढच्याला सगळं दिसत असतं, असं त्याला बावीस वर्षं वाटत आलं होतं. पुढच्याला काही म्हणजे काही दिसत नसतं! मग दादा चालायचा कसा? मागं मात्र पावलं जमत होती, दहा, पंधरा जणांची. धुक्यात एक माणूस ठाम चाललाय म्हटल्यावर लोक त्याच्या मागं लागणारच.

पुढं रस्त्याला फाटा फुटत होता. तिथं फक्कीनं बाण काढला होता, तो उसाच्या ट्रॉलीखाली पुसून गेला होता. वाट दाखवायला बसवलेले पोपटराव चहाला गेले होते आणि खुर्चीवर त्यांचा झेंडा फडकत होता. डांबरी डावीकडं वळत होती. गेणबाच्या पायांनी त्याला न विचारता उजवीकडची मातीची वाट धरली.

"आबा, कच्चा रस्ता कसा काय लागला?" मागून एक मुलगी म्हणाली. दीक्षा तिचं नाव, ते तिच्या टी-शर्टवर छापलं होतं.

"चाचा को मालूम होगा, चलो," सणसवाडीहून आलेला एक कामगार म्हणाला.

"हाच हाय," गेणबा म्हणाला. आवाज अगदी दादासारखा निघाला, म्हणून त्याला स्वतःलाही ते पटलं.

वाट उतरत गेली आणि पाण्याशी येऊन संपली.

घोडनदी वाफाळत होती. सगळे काठावर उभे राहिले. त्या कामगारानं वाकून तोंडावर पाणी मारलं, मग दुसऱ्यानं. पलीकडं एक बगळा पाय बदलून उभा राहिला. एवढ्या सकाळी, एवढी माणसं, कुणाच्या हातात फोन नाही आणि कुणाला घाई नाही. थोडा वेळ असं वाटलं, की निघालो होतो ते इथंच यायला.

"आबा," दीक्षा हळूच म्हणाली, "मॅरेथॉनमधी नदी हाय का?"

"मेंढरं पाण्यावर आणायची जागा हाय ही."

"आन् आम्ही कोण?"

गेणबा बुटांकडं बघत राहिला.

तेवढ्यात मागून टाळ्याला जीभ आपटल्याचा आवाज आला, मेंढरं हाकतात तसा. "ट्ट, ट्ट, हुर्र! माघारी! फिरवा माघारी!" बिरदेव होता. सगळ्यांच्या शेवटी तोच राहिला होता. पायात गोळा आलेल्या एका बाईला त्यानं खांद्याचा आधार दिला होता. ट्रॉल्यांनी त्या वाटेचं पीठ केलं होतं, ते त्याच्या भुवयांवर, मिशांवर, पापण्यांवर बसलं होतं. तो खोकत होता.

सगळे जागच्या जागी वळले. आणि कळप जागच्या जागी वळला की शेवटचा पहिला होतो. गेणबानं मान वर केली. समोर, सगळ्यांच्या पुढं, थोरल्या भावाची पाठ.

महिनाभराचं पळणं असं नदीत गेलं.

डांबरीवर आल्यावर तरणी माणसं पुढं सुटली, त्या बाईला पोपटरावांच्या खुर्चीवर बसवलं, आणि दोघंच उरले. पुढं बिरदेव, वीस पावलांवर गेणबा. धुकं विरत चाललं होतं.

"गेण्या."

"हाय."

बिरदेवानं चालता चालता पापण्या पुसल्या.

"लय धूळ असती रं मागं."

"असती की."

"कवा बोलला न्हाईस."

"तू कवा इचारलंस? हाय का, एवढंच इचारायचास."

बिरदेव पुन्हा खोकला.

मैदानावर हवा भरलेली कमान वाऱ्यानं डुलत होती. लोक पांगले होते, केळ्यांच्या साली राहिल्या होत्या. कमानीपलीकडं मोनिका टाचा उंचावून उभी होती. खालच्या काळ्या पट्ट्यावर पाय पडला की यंत्र वाजायचं आणि माणूस पोचल्याची नोंद व्हायची. त्या पट्ट्याच्या दहा पावलं अलीकडं बिरदेव एकदम खाली बसला.

गेणबा धावत आला. "दादा! काय झालं?"

"काय न्हाई. बुटाची नाडी सुटली. तू हो म्होरं."

गेणबानं त्याच्या पायांकडं पाहिलं. धुळीनं माखलेल्या वहाणा, जाड अंगठा. नाडी कुठली आणि काय कुठलं. बिरदेव मात्र मान खाली घालून पावलावर दोन्ही हातांनी काहीतरी जपून बांधत होता, अजिबात वर बघत नव्हता.

"मामा, पळा!" मोनिका ओरडली.

गेणबा पुढं झाला. पट्ट्यावर पाय पडला, यंत्र वाजलं. त्याची मान आपोआप मागं वळायला लागली, जन्माची सवय. त्यानं ती धरून ठेवली. पुढचा मागं बघत नसतो.

"दादा," त्यानं समोर बघतच हाळी दिली, "हाय का मागं?"

धूळ झटकल्याचा आवाज आला. मग खोकला. मग वहाणांची चाल.

"हाय!"