हवामान खात्यातला पगार

आमच्या घरात शिक्षणाला कुणी नाही म्हणत नाही. माझ्या सासऱ्यांनी अर्धपोटी राहून पाच पोरं शिकवली, त्यामुळे नाही म्हणायची आमची छातीच होत नाही. म्हणून बारावीतल्या आमच्या वैशालीने जाहीर केलं, की तिला हवामानशास्त्र शिकायचंय आणि इथेच, मस्कतमध्ये, वादीला, म्हणजे इथल्या एरवी कोरड्या नदीला, पूर कधी येणार ते लोकांना आधी सांगायचंय, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "पगार किती मिळतो ते बघते."

माझा नवरा सतीश नेहमीप्रमाणे हात झटकून मोकळा झाला. "शैला, तूच बघ."

अल् खुवैरला आमच्या ऑफिसात मजीद आहे, इथलाच ओमानी. त्याची बहीण हवामान खात्यात. दोन दिवसांनी त्याने बातमी आणली. "पगार अच्छा है, मॅडम. मगर वो पोस्ट ओमानी लोगों के लिए है." माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाला, "इंडिया में मिलेगा, इन्शाल्ला."

मजीदचा राग नाही आला. त्यांचा देश, त्यांच्या नोकऱ्या. राग आला तो स्वतःचा. अठरा वर्षांत रेसिडेंट कार्ड हरवू नये म्हणून पोरीच्या मागे लागले, पण ते पुन्हापुन्हा नवं का करावं लागतं, हे एकदाही सांगितलं नाही. वेळ आल्यावर बघू, म्हणत राहिले.

तेव्हाही जीभ रेटेना. घरी येऊन मी सरळ थाप मारली. "पगार फारच कमी आहे गं."

"किती कमी?"

"माझ्या निम्मा."

वाटलं, खलास, विषय मिटला. कसचं काय! वैशाली खुशीत म्हणाली, "चालेल ना, मम्मी. मी तुमच्याजवळच राहणार. रेंट थोडीच भरायचाय?"

मला भरून आलं. मग लपवण्यात अर्थच नव्हता. मजीद जे बोलला ते सगळं सांगून टाकलं.

ती हसली. "अगं, तो रूल बाहेरच्या लोकांसाठी असेल. मी तर इथेच बॉर्न झालेय."

सतीशने टीव्ही बंद केला. माझ्याकडे बघेना.

"बाहेरचे म्हणजे आपणच, वैशू," मी म्हटलं.

मग आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत तिने विचारलं, "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"होतं," सतीश म्हणाला.