सत्काराचं रोप

उस्मानपुऱ्यातल्या हॉलच्या मागच्या दाराशी करुणा पाहुण्यांच्या गाड्यांतून रोपं परत काढत होती. 'हरितवाट अकादमी'ची ही रीतच होती. हारतुरे द्यायचे नाहीत, रोप द्यायचं, फोटो काढायचा, टाळ्या घ्यायच्या आणि पाहुणे भाषणात रमले की ड्रायव्हरकडून रोप गुपचूप मागून आणायचं. पाहुण्यांचीही हरकत नसे. घरी नेऊन त्याला पाणी घालायची हौस कुणाला होती? काळ्या पिशवीतला एक खुरटा कडुलिंब तर करुणाच्या चांगला ओळखीचा झाला होता. बिचाऱ्याने आजवर किती पुढाऱ्यांचे सत्कार केले, पण वीतभर वाढायला त्याला कुणी सवड दिली नाही.

अकादमी तरुणांना पर्यावरणस्नेही करिअर मिळवून देते, असं बाहेर फलकावर लिहिलं होतं. संचालक अभय सर आधी इंग्रजी बोलायला शिकवायचे, मग शेअर बाजार शिकवू लागले, आणि आता नवा खादीचा कुडता शिवून पृथ्वी वाचवत होते. करुणा त्यांच्या पहिल्या तुकडीतली. वर्षभर कोर्स केल्यावर तिला नोकरी लागली ती याच अकादमीत, पुढच्या पोरांना फोन करून कोर्सला बोलवायची. तुकडीतले बाकीचे कुणी कंपनीत पॅकिंगला लागले, कुणी घरीच बसले. हे ठाऊक असूनही फोनवर ती मधाळ आवाज काढायची. त्या आवाजाची तिला स्वतःलाच किळस यायची. आज सकाळी सर म्हणाले होते, "यशोगाथा म्हणून स्टेजवर नीट बोल, तुला कायम करून टाकतो."

"दीदी!"

मंतशा धापा टाकत आली. मुकुंदवाडीत करुणाच्या शेजारी मोटारी दुरुस्त करणाऱ्या रिझवानचाचांची ही मुलगी.

"दीदी, माझा आयटीआयला इलेक्ट्रिशियनला नंबर लागलाय. आज पाचपर्यंत जायचं, नाय गेलं तर सीट गेली. पण तुमचे सर म्हणले, वायरमन होऊन काय करती, इथं ये. अब्बा म्हणतेत, करुणाला इचार, ती सांगंल तसं कर."

करुणा तोंड उघडणार तोच आतून माइकवर तिच्या नावाचा पुकारा झाला. मंतशा पळत जाऊन पोरापोरींत बसली.

स्टेजवर माजी नगरसेवक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. समोर पोरं मांडीवर सर्टिफिकेटांच्या फायली धरून तिच्याकडे आशेनं बघत होती. करुणानं मनाशी ठरवलं, गेली नोकरी तर गेली.

"माझ्या तुकडीतल्या कुणालाही या क्षेत्रात काम मिळालं नाही," ती म्हणाली. "मिळालं ते मला एकटीला. आणि माझं काम काय, तर तुम्हाला इथं बोलावणं. तुम्ही येता म्हणून माझी नोकरी टिकते. बस, एवढंच आहे हे."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

अभय सरांनी माइक ओढून घेतला. "ऐकलंत? काम शोधत बसली नाही, काम उभं केलं! ही जिद्द पाहिजे!" नगरसेवकांनी मोबाइल खिशात घालून तिच्या हाती रोप दिलं. तोच खुरटा कडुलिंब. फोटो निघाला. सर कानाशी पुटपुटले, "झकास बोललीस. कायम झालीस समज. रोप मागच्या दाराशी ठेव."

तिनं समोर पाहिलं. खरं बोललं तरी आपल्याला हवं तेच ऐकणाऱ्या या गर्दीची तिला शिसारी आली. आणि त्या गर्दीत मंतशाही टाळ्या वाजवत होती. ते तिला फार लागलं.

ती रोप बगलेत मारून खाली उतरली आणि मंतशाचं मनगट धरलं.

"ऊठ."

"पण दीदी, कोर्सचा फॉर्म..."

"चुलीत घाल तो फॉर्म. इथं कुणाचं काही होत नाय. ही सगळी सोंगं हायेत, अन् त्यातलं एक मी. ऊठ!"

रिक्षा आयटीआयला पोचली तेव्हा कारकून खिडकी लावतच होता. मंतशानं हात घालून ती धरली. सीट पक्की झाली. मुकुंदवाडीत परतल्यावर रिझवानचाचांनी पहार आणली आणि दारासमोर खड्डा खणून दिला.

सकाळी सरांचा फोन आला.

"काल मधेच कुठं गेलीस गं? असो. ते रोप घेऊन ये. परवा गंगापूरला कार्यक्रम आहे."

"मी आता येणार नाही, सर. आणि रोप लावलं."

"लावलं?" सरांना उलगडेना. "कुठं लावलं?"

"मातीत."

सर कळवळून म्हणाले, "अगं, मग पाहुण्यांना आता द्यायचं काय?"