उसनी पेटी

नळदुर्गच्या महालिंगप्पांनी आपली बाजाची पेटी सोलापूरहून कशी आणली, ती गोष्ट ते मरेपर्यंत सांगत. सोलापूर इंग्रजांचं, नळदुर्ग निजामाचं, आणि मधे करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका. नाक्यावरच्या शिपायानं बैलगाडीतली पेटी उतरवून घेतली आणि विचारलं, "इसमें क्या छुपाया?" महालिंगप्पांनी तिथंच धुळीत बैठक मारली आणि एक भजन वाजवून दाखवलं. शिपाई डोळे मिटून ऐकत बसला, मागच्या गाड्या खोळंबल्या. "जकात ऱ्हायली बाजूला, वर च्या पाजला," हे शेवटचं वाक्य दर वेळी ठरलेलं. त्यांची बायको शरणम्मा चुलीपाशी बसून ते वाक्य त्यांच्या आधी ओठांत म्हणायची.

माणूस तापट. भुसाराचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक टिकलं ते मालाच्या गुणानं, मालकाच्या नव्हे. पोटी पोर नव्हतं. जीव होता तो त्या पेटीवर. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. शरणम्मानं तिच्यासाठी खणाची खोळ शिवली, तीसुद्धा पेटी न उघडता, वरून माप घेऊन.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. वाचले, पण डावा हात लुळा पडला. आता पेटीचं असं असतं, की उजव्या हातानं सूर धरायचे आणि डाव्यानं भाता मारायचा. भाता नाही तर वारा नाही, वारा नाही तर पेटी म्हणजे नुसतं लाकूड. बरेच दिवस ती खोळीत पडून राहिली. एका संध्याकाळी शरणम्मानं पाहिलं, तर म्हातारा पेटी उघडून बसलेला, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर फिरतायत आणि आवाज कसलाच नाही.

तिच्यानं बघवलं नाही. ती जाऊन शेजारी बसली आणि भात्याला हात घातला.

"तुला काय जमतंय?" महालिंगप्पा खेकसले.

"जल्मभर चूल फुंकली," ती म्हणाली. "वाऱ्याचं मला शिकवू नगा."

पहिले काही दिवस नुसती बोलणी खाल्ली. "अगं, भाता हाय, दळण न्हाय!" असं ते ओरडत. पण हळूहळू तिला त्यांच्या खांद्यावरून कळायला लागलं, की आता वारा जास्त लागणार, आता कमी. दोघांच्या हातांची मिळून एक पेटी वाजायला लागली. इतक्या वर्षांच्या संसारात पीठ-मिठापलीकडं बोलणं नव्हतं, आणि आता रोज तिन्हीसांजेला दोघं खांद्याला खांदा लावून बसायची. खरं सांगायचं तर लग्नानंतर पहिल्यांदाच तिला नवरा आवडायला लागला.

अशाच एका संध्याकाळी ते म्हणाले, "मी गेलो की ही पेटी माझ्यासंगं ठिवायची. शब्द दे."

ते लिंगायत, त्यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात बसवून, भस्म-बेल वाहून माती देतात. शरणम्माला त्या वेळी मरणाचं बोलणंच नको होतं, ते थांबावं म्हणून तिनं शब्द दिला. महालिंगप्पा मात्र पक्के. खड्डा खणणाऱ्या गोरोबाला त्यांनी जिवंतपणीच सांगून ठेवलं, "माझा खड्डा हातभर जास्त रुंद खण. सामान हाय."

त्याच सुमाराला गावात शांतलिंग मास्तर आले. तापाच्या साथीत आईबाप गेलेली पोरं त्यांनी जुन्या धर्मशाळेत गोळा केली होती. पोरांत धनगराची होती, मजुरांची होती, कुणाची ते ठाऊक नसलेलीही होती. दोन वेळच्या भाकरीची मारामार, तरी मास्तर त्यांना गाणं शिकवायचे. साथीला वाजवायला एक घागर. ते एक दिवस दबकत दबकत पेटी मागायला आले.

"आज पेटी मागताय, उद्या बायको मागाल," महालिंगप्पा म्हणाले. मास्तर मान खाली घालून गेले. शरणम्माला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पोरं परसदारच्या भिंतीपलीकडं येऊन बसायला लागली. पेटी वाजली की पलीकडून एक आवाज हळूच चाल उचलायचा.

"कोण गं ती?" महालिंगप्पांनी विचारलं.

"धनगराची अयोध्या. मास्तराकडची."

"शेवटाला चुकती."

त्या दिवशी त्यांनी भजनाचा शेवट वाजवला आणि परत वाजवला. आणि परत. शरणम्माचा हात भरून आला. "पुरं की आता," ती म्हणाली.

"गप. अजून नीट बसलं न्हाय."

"तुमचं तर कवाच बसलंय."

त्यांची बोटं पुन्हा मागं आली. भिंतीपलीकडून शेवट बिनचूक ऐकू आला, तेव्हा कुठं त्यांनी पेटी मिटली. भाता जिच्या हातात होता तिला हे कळणार नाही तर कुणाला कळणार? धीर करून तिनं विचारलं, "मग देऊन टाकायची का पोरांला?"

"शब्द दिलायस तू," महालिंगप्पा म्हणाले, आणि विषय संपला.

पुढच्या माघात ते गेले.

त्यांच्यात बायकाही मातीला जातात. महालिंगप्पांना खड्ड्यात बसवलं, भस्म लावलं, आणि अय्यांनी, म्हणजे विधी करणाऱ्या जंगमांनी, त्यांच्या गळ्यातलं लिंग काढून रीतीप्रमाणं डाव्या तळहातावर ठेवलं. धाकटा दीर ईरण्णा पेटी घेऊन पुढं झाला. जरा लांब, लिंबाखाली, मास्तर आणि त्यांची पोरं उभी होती. अयोध्या रडत होती. म्हाताऱ्यासाठी की पेटीसाठी, ते तिचं तिला ठाऊक.

शब्द मोडावा तर मेलेल्या नवऱ्याशी बेइमानी, आणि पाळावा तर भिंतीपलीकडं शिकवलेली ती सगळी चाल मातीखाली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मग त्यांच्या त्या डाव्या हाताकडं पाहिलं.

"भावजी, थांबा."

"वैनी, अण्णाला शब्द दिलाय तुमी," ईरण्णा म्हणाला.

"दिलाय. मोडत न्हाय. पर मला येवढं सांगा, तिथं भाता कुणी मारायचा?"

तिनं नवऱ्याच्या डाव्या तळहाताकडं बोट दाखवलं.

"हात आधीच लुळा, अन् आता त्याच्यावर देव बसलाय. देव खाली ठिवून भाता मारायचा का? अय्या, तुमीच सांगा."

अय्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं, दाढी खाजवली. "हे काय शास्त्रात न्हाय, बाई."

"शास्त्रात नसंल. माझ्या घरात रोज हुतं." ती हटली नाही. "माझ्याबिगर त्यांची पेटी वाजत न्हाय. मी यीन तवा घेऊन यीन. तवर तिथं नुसती वाळवी खाईल. तवर पोरांकडं उसनी ऱ्हाऊ द्या."

अय्यांना यात खोट काढता येईना. "बाईचं बरोबर हाय," ते म्हणाले. "माती द्या." ईरण्णा पुटपुटत मागं सरला.

शरणम्मानं पेटीची खोळ काढली आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवली, उसनवारीची खूण म्हणून. "जरा कळ काढा," ती त्यांना म्हणाली, आणि मग इतका वेळ धरलेलं रडू तिनं मोकळं सोडलं.

धर्मशाळेत पहिल्या दिवशी पेटी नुसती केकाटली. पोरांचे हात आखूड, भाता धरला तर सूर सुटे आणि सूर धरला तर भाता. एकानं भाता असा काही ओढला, की शरणम्मा जोरात म्हणाली, "अरं, भाता हाय, दळण न्हाय!" आणि स्वतःच दचकली. मग पदर खोचून ती भात्याशी बसली, आणि पट्ट्यांवर अयोध्येला बसवलं. त्या दिवसापासून ती रोज जायला लागली.

पोरांना एवढंच कळलं होतं, की पेटी उसनी आहे. शरणम्माला ती अव्वा म्हणायची, आणि अव्वा गेली की पेटी गेली. त्यांनी अव्वाला असं जपायला घेतलं, की तिचाच जीव मेटाकुटीला आला. डोक्यावर घागर घेऊ देईनात. ओढा ओलांडताना दोघं पुढं, दोघं मागं. जरा ठसका लागला की कुणीतरी अडुळसा आणायला पळालंच. निजामाच्या शेवटच्या धामधुमीत लुटीच्या भीतीनं पोरांनी पेटी कडब्याच्या गंजीत लपवली, तेव्हा अव्वालाही शेजारी नेऊन बसवलं. मग सोलापूरच्या त्याच रस्त्यानं फौजा आल्या, राज्य बदललं, पेटी मात्र उसनीच राहिली.

पुढं एका थंडीत शरणम्माला ताप भरला, आणि या खेपेला तो उतरेना. अयोध्या आता लुगडं नेसायला लागली होती. ती उशापायथ्याला बसून असायची. एका दुपारी ती पाय चेपत होती, तेव्हा म्हातारीनं विचारलं,

"पेटीसाठीच जपता न्हवं गं मला?"

अयोध्येचे हात थांबले नाहीत. "पयल्यांदा पेटीसाठीच जपत हुतो, अव्वा," ती म्हणाली.

शरणम्मानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तशीच ती म्हणाली,

"मी गेले तर पेटी खड्ड्यात ठिवू नगा. हितंच ऱ्हाऊ द्या."

"अन् आप्पांला दिलेला शब्द?"

"त्यांला मी सांगते. म्हणते, पोरांचं अजून नीट बसलं न्हाय." तिनं डोळे पुसले. "तेवढ्यावर त्यांला कळंल."

अयोध्येला त्या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता, पण तिनं अव्वाचा हात घट्ट धरला. म्हातारी त्या तापातून उठली. आणि उठली ती धर्मशाळेत जाऊन भात्याशी बसली, आणि शेवटाला चुकतेस म्हणून अयोध्येला रागं भरायला लागली.